गेम विकत घेतला, पण सातबारा कुणाच्या नावावर? (जुने डिजिटल गेम विकण्याचा हक्क आणि क्लाउड गेमिंग)

गिरणाकाठ (जळगाव) | शनिवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारा विषय आज मांडतो. लांबेल, पण वाचा आणि आपापलं मत द्या.

२०१३ साली मी जळगावला कॉलेजात होतो. खोलीवर आम्ही चौघं. वर्गणी काढून एक जुना प्लेस्टेशन ३ (पीएस३, टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) घेतला. नवीन डिस्क अडीच-तीन हजारांची, आणि आमच्या खोलीचं भाडंही तेवढं नव्हतं. गोलाणी मार्केटमधल्या एका दुकानात जुन्या डिस्क मिळायच्या. पहिली डिस्क १,२०० ला घेतली, दीड महिन्यात गेम संपवला, आणि दुकानदाराने ती ९०० ला परत घेतली. म्हणजे दीड महिना खेळलो ३०० रुपयांत, माणशी ७५. त्या डिस्कच्या कव्हरमध्ये आतल्या कागदावर आधीच्या मालकांनी आपापलं नाव, गाव आणि गेम संपवल्याची तारीख लिहून ठेवली होती. पाचोरा, एरंडोल, जामनेर, परत जळगाव. आम्ही खाली आमची चार नावं लिहिली आणि डिस्क पुढे गेली.

आज माझ्या खात्यावर ८४ गेम आहेत, सगळे डिजिटल, सगळे पैसे मोजून घेतलेले. माझा भाचा अमळनेरला दहावीला आहे. परीक्षेनंतर त्याला त्यातला एक गेम हवाय. मी तो तीन वर्षांपूर्वीच संपवलाय, पुन्हा उघडणारही नाही. तरी मी तो भाच्याला देऊ शकत नाही. विकू शकत नाही, बक्षीस देऊ शकत नाही, मृत्युपत्रात लिहू शकत नाही. देता येईल तो फक्त माझ्या अख्ख्या खात्याचा पासवर्ड, आणि तेही अटींच्या विरुद्ध.

आपल्याकडे शेत बटाईने किंवा नफ्याने करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं की जमीन आपली नाही, सातबारा दुसऱ्याच्या नावावर आहे. भाव त्या हिशेबाने ठरतो. इथे मात्र बटणावर ‘खरेदी करा’ लिहायचं, पैसे पूर्ण मालकीचे घ्यायचे आणि आत बारीक अक्षरात ‘हा फक्त वापराचा परवाना आहे’ असं म्हणायचं. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने यावर कायदा केला, तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. परवानाच देत असाल तर ग्राहकाला ते स्पष्ट सांगा, नाहीतर ‘खरेदी’ हा शब्द वापरू नका. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात पैसे भरायच्या पानावर परवान्याची ओळ दिसू लागली ती त्याच सुमारास, २०२४ च्या ऑक्टोबरात. सूचना आली हे चांगलं झालं, पण हक्क आला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्याने पूर्ण किंमत दिली, त्याला गेम संपल्यावर तो दुसऱ्याच्या हाती देता आला पाहिजे. दिला की माझ्या खात्यातून गेला, त्याच्या खात्यात आला. दोन प्रती नकोत, फुकटही नको.

आणि आता तर क्लाउड आलंय. गेम आपल्या यंत्रावरही नसतो, चित्र तेवढं तारेतून येतं. मग विकायचं काय? तुम्हाला काय वाटतं?

---

डाऊन_पॅसेंजर (भुसावळ) | शनिवार, रात्री ११:०५

पूर्ण सहमत. कव्हरमधल्या नावांचं वाचून कॉलेजचे दिवस आठवले.

एक जुनी गोष्ट. २०१३ मध्येच एक्सबॉक्स वन जाहीर झाला तेव्हा मायक्रोसॉफ्टने ठरवलं होतं की यंत्राने दर २४ तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची आणि जुनी डिस्क दुसऱ्याला देण्यावर बंधनं राहतील. लोक इतके चिडले की १९ जूनला कंपनीने दोन्ही अटी मागे घेतल्या. आपण जिंकलो असं तेव्हा वाटलं होतं.

पण तेव्हा जबरदस्तीने जे झालं नाही ते नंतर सोयीने झालं. पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला. डिस्क ड्राइव्हवाला ४९,९९० ला, नंतर आलेला बिनड्राइव्हचा ३९,९९० ला. दहा हजार वाचतात म्हणून माझ्या तीन मित्रांनी बिनड्राइव्हचा घेतला. मी कर्ज काढून ड्राइव्हवाला घेतला. मोठा नवीन गेम ४,९९९ चा. मी महिन्याभरात संपवून ३,२०० च्या आसपास विकतो. ज्यांनी दहा हजार वाचवले त्यांचे प्रत्येक गेममागे ते ३,२०० अडकून पडतात. चौथ्या गेमला मी त्यांच्या पुढे. हा हिशेब दुकानात कुणी सांगत नाही म्हणून इथे लिहिला.

---

जुना_दुकानदार (धुळे) | रविवार, सकाळी ७:४०

गिरणाकाठ भाऊ, तुनं म्हननं माले पटनं. हाई गोट खरी शे.

आग्रा रोडच्या एका बोळात माझं सीडीचं दुकान होतं, पुढे चार यंत्रं मांडून तासावर खेळायलाही द्यायचो. २०१८ ला बंद केलं. आता तिथे मोबाईलचे कव्हर विकतो. तुम्ही गिऱ्हाइकाची बाजू सांगितली, मी गल्ल्यामागची सांगतो.

जुन्या डिस्कच्या धंद्यात नवीन मालापेक्षा कमाई जास्त होती. नवीन डिस्कवर मला शे-दीडशे सुटायचे, कधी तेवढेही नाही. जुनी डिस्क ८०० ला घेऊन १,००० ला दिली तर दोनशे सरळ. आणि तीच डिस्क वर्षात चार वेळा माझ्याकडे फिरून यायची. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पत, उधारीचा विश्वास. साक्रीकडचा एक मुलगा पोळ्याच्या आसपास डिस्क न्यायचा आणि कापूस विकला की पैसे द्यायचा. त्याच्या बापाचा तसाच व्यवहार कृषी केंद्रात चालायचा, तर पोराचा माझ्याकडे का नको? ऑनलाइन दुकानाला पोळा आणि दिवाळी यांच्यामधले महिने कळत नाहीत.

घासलेली डिस्क तपासायची माझी पद्धत होती. उजेडाकडे तिरपी धरायची. आतून बाहेर गेलेला ओरखडा चालतो, गोल फिरलेला ओरखडा चालत नाही, कारण तो वाचणाऱ्या किरणाच्या वाटेतच येतो. ब्लू-रे या नव्या जातीच्या डिस्कवर वरचा थर कडक असतो, ओरखडे कमी पडतात, म्हणून पीएस३ पासून माल जास्त टिकायला लागला. हे ज्ञान आता कुणाच्या कामाचं नाही, पण मला अजून वाटतं की वस्तू हातात घेऊन पारखण्यात व्यवहाराचा खरेपणा असतो. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्याचे दात बघितल्याशिवाय कुणी पैसे काढत नाही.

---

वकील_पारोळा | रविवार, सकाळी ९:१५

कायद्याची बाजू मांडतो, कारण यावर अर्धवट माहिती फार फिरते.

मुळात तत्त्व असं की एखादी प्रत तुम्ही रीतसर विकली की त्या प्रतीच्या पुढच्या विक्रीवरचा तुमचा ताबा संपतो. म्हणूनच जुनी पुस्तकं विकता येतात. प्रश्न आहे तो हे तत्त्व डाउनलोडला लागू होतं का, हा.

युरोपच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी यूज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल प्रकरणात ‘होय’ म्हटलं. कायमचा परवाना एकरकमी पैसे घेऊन दिला असेल तर ती विक्रीच, डाउनलोडने दिली तरी. अट एकच, विकणाऱ्याने आपल्याकडची प्रत निकामी करावी. गिरणाकाठ यांनी जी मागणी केली आहे ती हीच आहे.

याच आधारावर फ्रान्समधली ग्राहक संघटना यूएफसी-क्यू शॉझिर स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हविरुद्ध पॅरिसच्या न्यायालयात गेली. १७ सप्टेंबर २०१९ ला निकाल ग्राहकांच्या बाजूने लागला. जगभर बातम्या झाल्या, आणि आजही लोक तोच निकाल पुढे करतात. पण पुढचं कुणी सांगत नाही. अपील न्यायालयाने २१ ऑक्टोबर २०२२ ला तो फिरवला आणि फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०२४ ला अपिलाचा निकाल कायम ठेवला. कारण असं दिलं की गेम म्हणजे नुसता संगणकाचा प्रोग्रॅम नव्हे. त्यात संगीत आहे, चित्रं आहेत, कथा आहे, आणि अशा संमिश्र कृतीला सॉफ्टवेअरचा नियम लागत नाही. शिवाय डिजिटल प्रत झिजत नाही, त्यामुळे जुनी आणि नवी यांत फरकच उरत नाही. ई-पुस्तकांबाबत युरोपच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये, टॉम कॅबिनेट प्रकरणात, असाच विचार केला होता.

आता भारत. सीडीवरचं तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टीसीएस विरुद्ध आंध्र प्रदेश या प्रकरणात सांगितलं. मार्च २०२१ मध्ये इंजिनिअरिंग अ‍ॅनालिसिस प्रकरणात सांगितलं की सॉफ्टवेअरची प्रत विकणं म्हणजे कॉपीराइट विकणं नव्हे. दोन्ही निकाल करांबाबतचे आहेत. त्यावरून गेम खात्यातून विकायचा हक्क मिळतो असं मी म्हणणार नाही. पण दिशा दिसते: कर घेताना ती वस्तू असेल, तर ग्राहकाने विकताना ती वस्तू का नसावी? हा युक्तिवाद एखाद्या ग्राहक संघटनेने नीट मांडावा असं मला मनापासून वाटतं.

---

सातपुड्याची_लेक (मूळची शहादा, सध्या पुणे) | रविवार, दुपारी १२:३०

मी गेम बनवणाऱ्या छोट्या स्टुडिओत काम करते. आम्ही सात जण. इथे सगळ्यांचं एकमत दिसतंय म्हणून दुसरी बाजू सांगते, राग मानू नका.

वकीलदादांनी ‘झिजत नाही’ हा मुद्दा एका ओळीत सांगितला, पण आमचं पोट त्याच ओळीवर अवलंबून आहे. दुकानदारकाकांची डिस्क चार हात फिरली की ओरखडे पडायचे, कव्हर तुटायचं, धुळ्याहून नंदुरबारला न्यायची तर एसटीचं भाडं लागायचं. या अडचणींमुळेच नवीन डिस्क विकली जायची. डिजिटल प्रत मात्र क्षणात धुळ्याहून ब्राझीलला जाईल आणि हजाराव्या मालकाकडेही कोरी असेल. आमचा गेम सहा तासांत संपतो. समजा शंभर लोकांनी घेतला, संध्याकाळी संपवला आणि रात्री पुढच्या शंभरांना विकला, तर महिनाभर त्याच शंभर प्रती फिरत राहतील. दीड वर्षाच्या कामाचे पैसे शंभर प्रतींतून निघत नाहीत. विक्रीतून साधारण ३० टक्के आधीच दुकानवाल्या मंचाकडे जातात.

आणखी एक. स्टीमवर भारतासाठी किंमत बऱ्याचदा अमेरिकेपेक्षा कमी असते. पुनर्विक्री खुली झाली आणि ती देशाबाहेर जाऊ लागली, तर इथे स्वस्तात घेऊन तिकडे विकणारे उभे राहतील. कंपन्या दुसऱ्या दिवशी भारताची किंमत डॉलरच्या बरोबरीने करतील. फटका कुणाला बसेल? गिरणाकाठदादांच्या भाच्यालाच.

तरीही मी मागणीच्या विरोधात नाही. रोबोट कॅश नावाच्या मंचाने गेम परत विकण्याची सोय दिली होती, त्यात विकणाऱ्याला २५ टक्के मिळायचे आणि मोठा वाटा निर्मात्याला जायचा. माझ्या मते रस्ता असाच काहीसा आहे. विक्री फक्त देशात, पहिले काही महिने बंद, आणि प्रत्येक पुनर्विक्रीत निर्मात्याचा वाटा. तांत्रिक अडचण काहीही नाही. गेमची यंत्रं बनवणाऱ्या निन्टेन्डोने २०२५ पासून डिजिटल गेमचं ‘कार्ड’ करून कुटुंबातल्या माणसाला दोन आठवडे उसनं द्यायची सोय केलीच आहे. दिलं की तुमच्याकडून बंद, मुदत संपली की परत.

---

गिरणाकाठ (जळगाव) | रविवार, दुपारी १:१०

ताई, राग कशाचा? हेच ऐकायचं होतं. पहिले सहा महिने विक्री बंद आणि निर्मात्याला निम्मा वाटा, हे मला आजच मान्य आहे. डिस्कच्या काळात निर्मात्याला पुनर्विक्रीतून एक रुपया मिळत नव्हता, हा अन्यायच होता. पण सहा तासांच्या छोट्या गेमचं उदाहरण पुढे करून पाच हजारांच्या मोठ्या गेमलाही कुलूप लावायचं, हे मला पटत नाही. दोघांना एकच नियम कशाला?

---

केळीबाग (रावेर तालुका) | रविवार, दुपारी ३:४५

मले तं वाटते भो, तुम्ही सगळे ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांच्या बाजूने बोलून राहिले.

मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, घरची केळी आहे. वादळात बाग आडवी झाली त्या वर्षी घरात नवीन पंखासुद्धा आला नाही. पन्नास हजारांचा डबा मी कधी घेणार? माझ्याकडे वडिलांनी लॉकडाऊनच्या वेळी घेतलेला साधा लॅपटॉप आहे, त्यावर मोठा गेम सुरूच होत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात एक्सबॉक्सची क्लाउड सेवा भारतात आली तेव्हा मी महिन्याचे पैसे भरून बघितलं. ज्या गेमचे व्हिडिओ मी चार वर्षं नुसते बघत होतो, तो माझ्या लॅपटॉपवर चालला. त्या रात्री लहान बहीण आणि मी दोन वाजेपर्यंत जागलो. मला तो गेम विकायचा नाही, भाच्याला द्यायचा नाही. मला तो खेळायचा होता.

विकण्याचा हक्क आधी विकत घेणाऱ्याला मिळतो. आमच्यासारख्यांना भाड्याचं दारही पुष्कळ आहे. ते बंद करा असं कुणी म्हणू नका.

---

तारवाला (चोपडा) | रविवार, संध्याकाळी ६:२०

मी केबल आणि फायबरचं काम करतो. केळीबाग, तुझा आनंद खरा आहे, पण तुझ्या गावात गावठाण फीडर (वस्तीची विजेची लाइन) चांगला असावा. आकडे सांगतो म्हणजे सगळ्यांना अंदाज येईल.

क्लाउडमध्ये तुम्ही बटण दाबता, तो संदेश डेटा सेंटरला जातो, तिथलं यंत्र चित्र तयार करतं, दाबून बारीक करतं, परत पाठवतं, तुमचा लॅपटॉप ते उलगडतो. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राला जेमतेम १७ मिलिसेकंद. जळगाव ते मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जायला दोन आणि यायला दोन मिलिसेकंद. अंतर हा अडथळा नाहीच. पण तार सरळ जात नाही, मध्ये अनेक ठिकाणी वळते. माझ्या जोडण्यांवर मुंबईपर्यंत जाऊन-येऊन १५ ते २५ मिलिसेकंद लागतात. कथेच्या गेमला हे चालतं. क्रिकेट आणि मारामारीच्या गेमला हात मागे राहिल्यासारखा वाटतो.

खरा त्रास वेळ कमी-जास्त होण्याचा आहे. एकदा १५, लगेच ९० झाले की चित्र अडखळतं. घरातल्या जुन्या राउटरचं वायफाय हे त्याचं सगळ्यात मोठं कारण. शक्य असेल तर लॅपटॉपला तार जोडा. नसेल तर पाच गिगाहर्ट्झचा पट्टा वापरा आणि राउटर त्याच खोलीत ठेवा. मातीच्या जाड भिंतीतून तो पट्टा जात नाही, आणि आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती तुम्हाला माहीत आहेत.

डेटाचं गणित: १० एमबीपीएसने खेळलात तर तासाला साडेचार जीबी, २० ने खेळलात तर ९ जीबी. मोबाईलचा रोजचा २ जीबीचा पॅक १० च्या वेगानेही अर्ध्या तासाच्या आत संपतो. म्हणजे मोबाईल डेटावर हे करूच नका, घरचं फायबर लागतं. आणखी एक बघा. २० च्या वेगाने अकरा-बारा तास खेळलात की शंभर जीबी गेले. तेवढ्यात अख्खा गेम एकदा उतरवून कायमचा हार्ड डिस्कवर ठेवता आला असता.

आणि वीज-तारेचा भरवसा नाही. गेल्याच आठवड्यात रस्ता रुंदीकरणात जेसीबीने फायबर तोडलं, पाच गावं दीड दिवस बंद. घरी इन्व्हर्टर असेल तर डिस्कचा गेम चालतो. तार तुटली की क्लाउडचा काहीच चालत नाही.

---

डाऊन_पॅसेंजर (भुसावळ) | रविवार, संध्याकाळी ७:००

तारवाला भाऊ, जबरदस्त माहिती. दीपनगरला वीज तयार होते आणि तिथून वीस किलोमीटरवरच्या गावात संध्याकाळी दिवे जातात, हे आम्ही लहानपणापासून बघतोय.

केळीबाग, तुझं म्हणणं मनाला लागलं. तरी एक ऐक. गूगलने स्टेडिया ही क्लाउड सेवा १९ नोव्हेंबर २०१९ ला सुरू केली. ती आपल्याकडे आलीच नाही, पण त्यातून शिकण्यासारखं आहे. तिथे लोकांनी गेम पूर्ण किमतीला विकत घेतले होते, क्लाउडवर खेळायला. १८ जानेवारी २०२३ ला सेवा बंद. गूगलने गेमचे आणि आपल्या दुकानातून विकलेल्या यंत्रांचे पैसे परत दिले, हे त्यांचं चांगलंच म्हणायचं. पण ते त्यांनी स्वतःहून दिले, तसा हक्क कुणाकडे नव्हता. त्याआधी ऑनलाइव्ह नावाची सेवा २०१० ला आली आणि एप्रिल २०१५ च्या शेवटी बंद पडली.

एनव्हिडियाच्या जीफोर्स नाऊची रचना वेगळी. गेम तुमचाच, स्टीमवर घेतलेला, ते फक्त दूरचं यंत्र भाड्याने देतात. म्हणजे ट्रॅक्टर भाड्याचा, शेत आपलं. तरीही २०२० च्या फेब्रुवारीत अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड आणि बेथेस्डा या गेम कंपन्यांनी आपले गेम त्यातून काढून घेतले. लोकांनी पैसे देऊन घेतलेला गेम कुठल्या यंत्रावर चालवायचा, हेसुद्धा कंपनीने ठरवलं. मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे.

---

वकील_पारोळा | रविवार, संध्याकाळी ७:३०

जोडून सांगतो. क्लाउडमध्ये कायद्याने ‘प्रत’ तुमच्याकडे येतच नाही, ती सेवा ठरते. म्हणून वरचे सगळे निकाल तिथे लागूही होत नाहीत. पुनर्विक्रीची लढाई न्यायालयात लढून जिंकायच्या आतच ती निरर्थक होईल, अशी भीती मला वाटते.

---

निळी_गोणी (चाळीसगाव) | रविवार, रात्री ८:१५

एक सावधगिरीचा इशारा, कारण हा धागा वाचून कुणी तसं करायला जाईल. विकायचा अधिकृत मार्ग नाही म्हणून लोकांनी चोरवाट काढली आहे. टेलिग्रामवर ‘प्रायमरी’ आणि ‘सेकंडरी’ म्हणून एकाच खात्याचे दोन-तीन हिस्से विकतात. मी मागच्या वर्षी ८०० रुपयांना असं एक खातं घेतलं. तीन आठवडे चाललं. मग मूळ मालकाने कंपनीला ‘माझं खातं चोरीला गेलं’ असं कळवून ते परत मिळवलं आणि दुसऱ्या कुणाला विकलं. तक्रार कुणाकडे करणार? व्यवहारच अटींबाहेरचा.

स्वस्त ‘की’ (गेम उघडायचा कोड) विकणाऱ्या संकेतस्थळांवरही जपून. काही की चोरीच्या कार्डाने घेतलेल्या असतात. खरा कार्डधारक बँकेत तक्रार करतो, बँक पैसे परत ओढते आणि तो दणका गेम बनवणाऱ्याला बसतो. फॅक्टोरिओ या गेमच्या निर्मात्यांनी तक्रार लावून धरली तेव्हा जी२ए या अशाच संकेतस्थळावर विकल्या गेलेल्या १९८ की गैरमार्गाच्या निघाल्या आणि २०२० मध्ये जी२एला भरपाई द्यावी लागली.

ज्यांना गेम खरोखर स्वतःजवळ ठेवायचा आहे त्यांनी जीओजी हे ऑनलाइन गेम-दुकान बघावं. तिथे कुलूप नसतं, इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवता येतो, इंटरनेट नसलं तरी चालतो. विकता तिथेही येत नाही, पण कुणी काढून तरी घेऊ शकत नाही. यूबिसॉफ्टने ‘द क्रू’ हा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद केला आणि मग लोकांच्या खात्यांतून परवानाही काढून घेतला. त्यावरूनच युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली, तिच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या.

---

उंबरठा (नंदुरबार) | रविवार, रात्री ९:५०

मी गेम खेळत नाही. धाकटा भाऊ खेळायचा. हा धागा त्याच्या एका मित्राने पाठवला म्हणून लिहिते आहे.

भाऊ दोन वर्षांपूर्वी दोंडाईचा रस्त्यावर अपघातात गेला. नोकरीला लागल्यापासून त्याने एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून नव्वदच्या वर गेम घेतले होते. बँकेचं काम झालं, मोटारसायकल नावावर झाली, एलआयसीचे पैसे आईला मिळाले. प्रत्येक ठिकाणी वारस म्हणून सही करायला जागा होती. गेमच्या दुकानाला मी मृत्यूचा दाखला जोडून लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं की खातं दुसऱ्याच्या नावावर होत नाही. पुन्हा लिहिलं, तेच उत्तर. मला पैसे नको होते. त्यातल्या एका गेममध्ये त्याने एक गाव बांधलं होतं, आमचं जुनं घर, समोरचा निंब, विहीर, सगळं. त्याने एकदा मला दाखवलं होतं. ते मला आईला दाखवायचं होतं. पासवर्ड त्याच्या फोनमध्ये होता आणि फोन अपघातात फुटला.

वकीलसाहेब, यावर काही करता येईल का?

---

वकील_पारोळा | रविवार, रात्री १०:२५

ताई, अटींवर बोट ठेवून ते नाही म्हणतील, पण प्रयत्न सोडू नका. एक करा. ‘खातं नावावर करा’ असं मागू नका. ‘मृताने तयार केलेल्या सेव्ह फाइलची प्रत द्या’ एवढंच मागा, म्हणजे खेळताना त्याने जे बांधलं ते साठवलेली फाइल. गेम त्यांचा असेल, पण ते गाव तुमच्या भावाच्या हाताचं आहे. शिवाय अनेक गेमची सेव्ह फाइल संगणकावरच असते. त्याचा संगणक अजून असेल तर तो फॉरमॅट करू नका, कुणाला विकू नका. मला वैयक्तिक संदेश करा, पत्राचा मसुदा मी करून देतो. फी नाही.

---

सातपुड्याची_लेक | रविवार, रात्री १०:४०

ताई, गेमचं नाव सांगा. फाइल कुठल्या फोल्डरमध्ये असते ते मी शोधून देते. पुढच्या शनिवारी शहाद्याला येतेय, नंदुरबारला येऊन संगणक बघते.

---

उंबरठा (नंदुरबार) | रविवार, रात्री ११:१५

संगणक आहे. कपाटावर झाकून ठेवलाय, दोन वर्षांत चालू केला नाही. नाव संदेशात पाठवते.

त्याच्या खोलीत एका डब्यात अकरा डिस्कपण आहेत, जुन्या, प्लेस्टेशन ४ च्या. त्यांचं काय करायचं ते कळत नव्हतं. गिरणाकाठ भाऊ, तुमच्या भाच्याकडे कुठलं यंत्र आहे? चालत असतील तर त्यातल्या घेऊन जा. उरलेल्या केळीबाग यांना किंवा ज्याला हव्या त्याला. पैसे नकोत.

---

गिरणाकाठ (जळगाव) | सोमवार, सकाळी ६:५०

ताई, भाच्याकडे पीएस४ च आहे. शनिवारी मीही नंदुरबारला येतो, सुरत लाइनने सोपं पडतं. दुकानदारकाका, तुम्ही धुळ्याहून येणार का? डिस्क तुमच्या नजरेखालून गेल्या तर बरं. आणि कव्हरमध्ये तुमच्या भावाचं नाव आणि गाव लिहिलं तर चालेल ना, तेवढं विचारायचं होतं.